कागदावर उतरलेलं नाव

११ नोव्हेंबर २०२४, रात्री

आज व्हेटरन्स डे, म्हणजे अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा दिवस. रॉकव्हिलहून मेट्रोनं निघाले तेव्हा पर्समध्ये चार घड्यांची एक चिठ्ठी होती. तीवर एक नाव, शिळेचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक. काल संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी कुंपणापाशी ती माझ्या हातात ठेवली. "जाणारच आहेस, तर एवढं उतरवून आण," म्हणाले. १९६९ साली ते व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरच्या तुकडीत होते. त्या युद्धात गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या नावांची वॉशिंग्टनमधली स्मारक-भिंत उभी राहून ४२ वर्षं झाली, इथून ती तासाभरावर आहे, आणि ते एकदाही तिथं गेलेले नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

फॉगी बॉटमला उतरून चालत गेले. लांबून भिंत दिसतच नाही, नुसती हिरवळ दिसते. जवळ गेल्यावर जमीन एका बाजूनं हळूहळू खाली उतरत जाते आणि आपण उतरतो तसतशी काळी शिळा शेजारी उंच होत जाते. सुरुवातीला वीतभर, घोट्याशी. मग गुडघा, खांदा, आणि मध्यावर डोक्याच्याही वर, दहा फूट. दोन बाहू, प्रत्येक सुमारे २४७ फुटांचा. एक लिंकन स्मारकाकडे रोखलेला, दुसरा वॉशिंग्टनच्या स्तंभाकडे. पायऱ्या नाहीत, चौथरा नाही, मान वर करून पाहावा असा घोड्यावरचा सेनापती नाही. फक्त नावं, ५८ हजारांहून जास्त.

हे सुचलं ते येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिनला. १४२१ आराखडे आले होते, आणि परीक्षकांसमोर नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. तिचा १०२६. तिचा आराखडा निवडला गेला तेव्हा केवढा विरोध झाला! लाजेची काळी चीर म्हणाले लोक. पांढरा दगड हवा, झेंडा हवा, पुतळे हवेत. पुढं १९८४ मध्ये तीन सैनिकांचा पुतळा बसवलाच, पण भिंतीपासून अंतर राखून, हे फार बरं झालं. मला तर वाटतं, त्या मुलीला जे कळलं होतं ते मोठमोठ्यांना कळलं नव्हतं. पैसा सरकारचा नाही, ८० लाखांहून अधिक डॉलर लोकांनी दिले. त्यासाठी १९७९ पासून धडपडणारा यान स्क्रग्ज त्याच युद्धात लढलेला साधा शिपाई होता.

दगडाला हात लावला आणि ओळख पटल्यासारखं झालं. आपल्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट! तसाच गार, तसाच गुळगुळीत. आणि खरंच तो आपल्याकडचा आहे, बेंगळुरूकडून आलेला. व्हरमाँटमध्ये कापला, मेम्फिसला त्यावर अक्षरं कोरली. इतका चकचकीत की नाव वाचताना त्याच्यामागं आपलाच चेहरा दिसतो. माझ्या चेहऱ्यावर ती पोरांची नावं ओळीनं उभी होती. मी थोडी बाजूला सरकले, तरी दुसरी नावं होतीच.

नावं वर्णक्रमानं लावलेली नाहीत. तशी लावा असा आग्रह झाला होता. पण नुसते स्मिथच सहाशेच्या वर आहेत, त्यांत आपला स्मिथ कुठं शोधायचा? म्हणून क्रम मरणाच्या दिवसाचा. १९५९ मध्यावर सुरू होतं, उजवीकडे सरकत सरकत जमिनीत उतरतं. मग डाव्या टोकाला पुन्हा जमिनीतून वर येऊन १९७५ ला मध्यावर पोचतं. पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी. एका दिवशी गेलेले एकत्रच राहतात, आणि मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. त्यांच्यात हुद्दाही लिहिलेला नाही.

नावापुढं छोटी खूण असते. पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मृत्यूची खात्री झालेली. अधिकचं चिन्ह म्हणजे बेपत्ता. अवशेष सापडले तर त्या चिन्हावर चौकट कोरतात. जिवंत परत आला तर त्याभोवती वर्तुळ कोरायचं ठरलेलं आहे. तसं वर्तुळ आजवर एकही कोरावं लागलेलं नाही. हे मला एका स्वयंसेवकानं सांगितलं. त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले.

ओळ मोजायला सोपं जावं म्हणून एकाआड एक शिळेवर, दर दहा ओळींनी काठाला बारीक ठिपका आहे. ठिपके मोजत मोजत नाव सापडलं. माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं, शिडी लागली नाही. स्वयंसेवकानं कागदाची पट्टी आणि पेन्सिल दिली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना आपण, अगदी तसंच. अक्षरं अर्ध्या इंचाची. एकेक उमटायला लागलं तसा हात थरथरला. माझा कोण होता तो? पण कागद हलू नये म्हणून डाव्या हातानं भिंत घट्ट धरून ठेवली होती.

खाली फुलं, पत्रं, एक जुना बूट, न उघडलेला बिअरचा कॅन. फुलं आणि साधे झेंडे सोडले तर असं ठेवलेलं सगळं उद्यानखातं गोळा करतं आणि मेरीलँडमधल्या कोठारात जपून ठेवतं.

दुपारी एकला कार्यक्रम सुरू झाला. मी गर्दीतून बाहेर पडून नर्सच्या स्मारकापाशी जाऊन बसले. १९९३ मधलं ते. एकीच्या मांडीवर जखमी सैनिक, दुसरी आभाळाकडे बघतेय. हेलिकॉप्टरची वाट बघत असेल. भिंतीवर आठ बायकांची नावं आहेत, आठही जणी नर्स.

परत आले तेव्हा अंधारलं होतं. आजोबा व्हरांड्यात बसले होते, दिवा न लावता. मी कागद दिला. त्यांनी दिवा लावला, चष्मा पुसला, नावावर बोट न लावता नुसतं बघत राहिले. मी पेन्सिल जरा जास्तच खाली ओढली होती, त्यामुळं खालच्या ओळीतल्या नावाची वरची अर्धी अक्षरंही उमटली होती. मला ती चूक वाटत होती, पट्टी कापून द्यायला हवी होती असं वाटत होतं. आजोबांनी कागद दिव्याजवळ नेला आणि ते अर्धं नाव पूर्ण वाचलं, आडनावासकट.

"हा त्याच हेलिकॉप्टरमध्ये होता," म्हणाले.