नाशिकच्या वहीत सापडलेली पणजी

आमच्या घरी पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात. भाद्रपद वद्य नवमीचा हा विधी नवऱ्याच्या आधी, म्हणजे सवाष्ण असताना गेलेल्या बाईसाठी करतात. आता आमची आजी आजोबांच्या मागे बरीच वर्षं जगली. पणजीही विधवा होऊन गेली. मग नवमी कोणाची? आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, आजी करायची म्हणून आई करायची. कोणाची ते आम्ही कधी विचारलंच नाही." देवघरात एक चांदीचा टाक, म्हणजे पूजेतला कोरीव पत्राही आहे. त्याला घरात नुसतं 'सवाशीण' म्हणतात.

याच प्रश्नासाठी आत्याला घेऊन मी नाशिकला गेले. असा शोध घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावर विधी सांगणाऱ्या गुरुजींकडे, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या वह्या असतात. श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला किंवा सिंहस्थात स्नानाला आलेल्या माणसाची नोंद त्यात होते: गाव, घरातल्या माणसांची नावं, कशासाठी आला, आणि शेवटी त्याची सही. कोणते यजमान कोणत्या उपाध्याय घराण्याचे, हे गाव, तालुका, जात आणि आडनाव यांवरून पूर्वीपासून ठरलेलं असतं. नाशिक रोड स्टेशनवरून रिक्षाने पंचवटीत उतरलात आणि रामकुंडावर कोणत्याही गुरुजींना आपला जिल्हा-तालुका सांगितलात, की ते योग्य घर दाखवतात. आम्हाला दोन ठिकाणी विचारावं लागलं, तिसरीकडे आमचं गाव निघालं.

गुरुजींनी पहिला प्रश्न केला, "मूळ गाव कोणतं? आत्ता राहता ते नको." हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आम्ही पुण्यात राहतो, पण वहीत पुणं कुठेच नाही. तिथे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं जुनं गाव आहे. तुमच्या गावाचा तालुका मधल्या काळात बदलला असेल, तर जुना तालुकाही सांगा. आडनाव बदललं असेल, तर आधीचं सांगा. गावाला 'कर' लावून आडनाव घेतलेल्या घरांची नोंद बऱ्याचदा मूळ आडनावाखाली किंवा वतनाच्या नावाखाली असते. आजोबा, पणजोबा आणि त्यांचे भाऊ यांची नावं कागदावर लिहून न्या. भावांची नावं फार उपयोगी पडतात, कारण नोंद तुमच्या थेट पूर्वजाने केली असेलच असं नाही. कोणी चुलत पणजोबाही गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येऊन गेलेला असतो.

कापडात बांधलेली लांबट वही सोडून गुरुजींनी आजोबांची नोंद लगेच काढली. ती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत होती, आजोबांच्या ओळखीच्या अक्षरात, खाली सही. आत्या त्या सहीवरून बोट फिरवत बसली. त्याच्या मागची पानं मात्र मोडीत. पणजोबांची नोंद शके 1842 ची, सिंहस्थातली. गुरुजी वाचत गेले: वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, भाऊ. मग थांबून म्हणाले, "यांची दोन लग्नं झालेली दिसतात. प्रथम कुटुंब वारल्याचं लिहिलंय. आणि एक कन्या."

घरच्या वंशावळीत पणजोबांची एकच बायको आहे, आमची पणजी, आणि तिचे तीन मुलगे. मुलींची नावं त्या वंशावळीत नाहीतच. पणजोबा बिजवर होते, ही गोष्ट चार पिढ्यांत कोणीही आमच्यापर्यंत पोचू दिली नव्हती. पहिलीचं नाव वहीत स्पष्ट आहे, मुलीचंही. आत्याला रडू आवरेना. "एवढी वर्षं तिचं नाव न घेता तिला जेवू घातलं," एवढंच ती म्हणाली.

पणजोबांच्या नोंदीच्या दोन वर्षं आधीचं शके 1840 म्हणजे 1918. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाने गावंच्या गावं अंथरुणाला खिळली होती. त्यामुळे मला साथीचाच संशय होता, पण नाशिकच्या नोंदीत मृत्यूची तारीख नाही. ती तालुक्याला मिळाली.

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात. महसुली भाषेत त्याला गाव नमुना 14 म्हणतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा, गाव आणि अंदाजे वर्षं लिहायची. 'सगळं दाखवा' असा अर्ज करू नका, चार-पाच वर्षांचा टप्पा मागा. आधी आवश्यक शुल्क विचारून घ्या आणि नोंद सापडली की प्रमाणित नक्कल मागा. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर ही पुस्तकं ठिकठिकाणी बाहेर काढली गेली आणि बरीचशी स्कॅनही झाली, त्यामुळे आता कोतवाल बुक म्हटलं की काय हवंय ते तिथे लगेच समजतं. मोडी वाचणारेही तालुक्याच्या ठिकाणी भेटतात.

आमच्या गावच्या पुस्तकात 1918 च्या ऑक्टोबरात पानामागून पान मृत्यूंचं आहे आणि कारणाच्या रकान्यात ओळीने 'ताप'. त्यात पणजोबांच्या नावापुढे 'बायको' आणि काही ओळींनंतर 'मुलगी'. दोघींची नावं तिथे नाहीत. नाव तीर्थाच्या वहीने दिलं, तारीख कोतवालाने दिली. एकाच कागदावर थांबले असते तर अर्धीच हकीकत हाती लागली असती. म्हणूनच दोन्ही ठिकाणी जा, असं मी आग्रहाने सांगते.

घरात हे का लपवलं गेलं? मला वाटतं, लपवण्यापेक्षा न बोलणं जास्त असावं. साथीत घराघरांतून माणसं गेली, दुसरं लग्न लगेच झालं, नव्या सुनेपुढे पहिलीचा विषय नको. पण त्या नव्या सुनेनेच, म्हणजे आमच्या पणजीनेच, सवतीचा टाक पुजला आणि तिची नवमी चालू ठेवली. माझ्या मनात पणजीबद्दलचा आदर यामुळे फार वाढला आहे.

तेव्हा शोध सुरू करण्याआधी घरचे कुळाचार नीट पाहा. कोणत्या तिथीला कोणाचं श्राद्ध होतं, देवघरात कोणाचा टाक आहे, कोणत्या गावच्या देवीची ओटी अजून भरतात? ज्याचा अर्थ घरात कोणालाच सांगता येत नाही, तिथेच बहुतेक एखादं माणूस असतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या आत्या-मावश्यांना बरोबर न्या. नावं ऐकली की त्यांना पुढचं आठवतं.

तारखांचा हिशेब: शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या काळासाठी 79. फसली, म्हणजे जुन्या महसुली सनात 590 मिळवा. जुन्या कागदांत दोन्ही भेटतात. मोडी स्वतः शिकायची असेल तर पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास संस्था वर्ग घेतात. आकडे, महिने आणि नात्यांचे शब्द ओळखता आले तरी बरंच काम होतं. जमिनीच्या वारसनोंदींचे फेरफारही पाहा. काही जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत विवाहित मुलींची नावं भेटण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथपासून मागे जा.

नाशिकला पितृपक्षात आणि अमावास्येला जाऊ नका, गुरुजींना श्वास घ्यायला वेळ नसतो. 2026 ते 2028 चा सिंहस्थही टाळा. एरवी सकाळचे विधी आटोपल्यावर, दुपारी जा. वह्या त्यांच्या घरच्या मालकीच्या आहेत, फोटो परवानगीनेच काढा आणि दक्षिणा मनापासून द्या; इतक्या पुरांतून आणि वाळवीतून त्यांनी त्या जपल्या आहेत. नाशिकला काही नाही मिळालं तर त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे, तिथे विचारा. मग पंढरपूर, काशी.

शेवटी गुरुजी तुमचीही नोंद लिहायला सांगतात. आम्ही लिहिताना सुना आणि मुली नावानिशी लिहिल्या, प्रत्येकीचं माहेरचं नाव आणि गावही घातलं. पणजोबांच्या नावाखाली दोन्ही बायका लिहिल्या, आणि ती मुलगी. पहिलीच्या माहेरच्या गावासाठी जागा कोरी ठेवली आहे. लग्न जवळपासच्याच तालुक्यात झालेलं असणार, असं आत्या म्हणते; दिवाळीनंतर तिकडे विचारायला जाणार आहोत.