बारा नंबरची पिन

मे महिन्यातली दुपार. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कूलरही गरम हवाच फेकत होता, कारण त्याचा पंप चालू करायचं सगळेच विसरायचे. एका पॉलिटेक्निकला द्यायच्या चाळीस किटांपैकी अडतीस खोक्यांना टेप लागली होती. प्रत्येकात ईएसपी32 या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपचा एक बोर्ड, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि थोड्या वायरी. बोर्डासोबत आलेले नमुना प्रोग्राम चालवून बघून वहीत 'ओके' लिहिणं माझ्याकडे होतं आणि ते लिहून आठवडा झाला होता.

उरलेल्या दोनपैकी एक किट आमच्याकडच्या पोराने उघडलं. आयटीआय करून नुकताच आलेला, हात स्वस्थ बसत नाहीत. रिलेचाच नमुना घेऊन कूलरचा पंप दर दहा मिनिटांनी चालू करायचा बेत होता त्याचा.

"ताई, बोर्ड मेला बाप्पा!"

मला वाटलं, याने 5 व्होल्ट कुठेतरी भलतीकडे दिले असणार. रिलेची वायर काढली, तर बोर्ड ठणठणीत. लावून पुन्हा चालू केला, तर गप्प. मग संशय पॉवरवर: रिले ओढतोय, यूएसबीला झेपत नाही. वेगळा अडॅप्टर लावला, फरक शून्य. दुसरा बोर्ड घेतला, तोही तसाच.

मग त्या पोराने जे केलं ते मला सुचलं नव्हतं. वायर काढून बोर्ड चालू केला, प्रोग्राम सुरू झाल्यावर वायर खोचली. टक! रिले चालला. म्हणजे प्रोग्राम बरोबर, रिले बरोबर, बोर्डही बरोबर. भानगड फक्त सुरू होण्याच्या क्षणाची.

बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारा सीरियल मॉनिटर 115200 च्या वेगावर उघडला. 'फ्लॅश रीड एरर, 1000' ही ओळ एकामागून एक येत होती. तिच्या वर बूटचा, म्हणजे चालू होतानाच्या पिनांच्या स्थितीचा आकडा: 0x33. वायर काढल्यावर तोच आकडा 0x13. फरक 0x20 चा, आणि तो एक बिट म्हणजे जीपीआयओ 12, रिलेची वायर लावलेली बारा नंबरची पिन. डोक्यात तेव्हा उजेड पडला. चालू होताना ही चिप काही मोजक्या पिनांची पातळी वाचून स्वतःचं बस्तान ठरवते. बारा नंबर वर, म्हणजे जास्त व्होल्टवर दिसली की चिप प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीला 3.3 ऐवजी 1.8 व्होल्ट देते. मेमरी 3.3 ची, मग ती वाचणार कशी? आणि आमचा रिले खाली ओढल्यावर चालणाऱ्या जातीचा. त्याची इनपुट आतल्या ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग) 5 व्होल्टकडे ओढलेली, म्हणजे नेमकी वर. मीटर लावला, तीन व्होल्टच्या पुढे.

नमुना लिहिणाऱ्याला शिव्या घालायच्या आधी मी वही काढली. 'रिले, पिन 12, ओके', खाली माझी सही. आठवलं. रिलेची पाकिटं तोवर आली नव्हती, म्हणून मी त्या पिनला एलईडी लावून तपासलं होतं, दुसरं टोक ग्राउंडला. अशा जोडणीत पिन खालीच राहते, बोर्ड गुमान सुरू होतो. एलईडी लुकलुकला, मी ओके लिहिलं.

चिपमधला इफ्यूज, म्हणजे एकदाच लिहिता येणारा बिट, जाळून फ्लॅश कायमची 3.3 वर बांधता येते, पण ते एकदा केलं की उलटत नाही. मुलांच्या किटात असले प्रयोग नकोत. रिले 26 वर नेला, प्रोग्राममधला एक आकडा बदलला. त्याच झपाट्यात बाकीचे नमुने पिनेपिनेने पुन्हा पाहिले, तर बटणाचा 34 वर निघाला, आणि पुलअपच्या, म्हणजे पिन वर धरून ठेवणाऱ्या आतल्या रेझिस्टरच्या भरवशावर. 34 ते 39 या पिनांना आतला पुलअप नसतोच! माझ्या टेबलावर तो बहुधा नशिबाने चालला असावा. तो 33 वर नेला.

अडतीस टेपा कापायला संध्याकाळ झाली. प्रत्येक किटातला जोडणीचा कागद बदलत होतो आणि तो पोरगा मध्येच हसून म्हणत होता, "हाव ना ताई, ओके!" कूलरचा पंप मात्र त्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी आपला आपण सुरू होतो.