चंबळच्या वाळूवरचा एक दिवस

आज दिवसभर डोक्यात चंबळच आहे. लाल डोक्याचं बटागुर कचुगा हे कासव एकेकाळी गंगेच्या मोठ्या खोऱ्यात आढळायचं. आता त्याची मुख्य आशा या एकाच नदीवर आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूच्या उंच पट्ट्यावर येऊन खड्डा खणते आणि साधारण 11 ते 30 अंडी घालते. सकाळी लवकर मागावरून घरटं शोधावं लागतं, कारण उशीर झाला की कोल्हे आधी पोचतात. अंडी हॅचरीत, म्हणजे ती सुरक्षित उबवण्याच्या जागेत, हलवायची तर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून, त्याच बाजूने, न फिरवता ठेवायची. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटला की अंडं उलटं झाल्यास तो मरतो. नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल, वाळू ओलसर, आणि भोवती जाळी. खोली चुकली की तापमान बदलतं.

एवढं करून पिल्लं मे-जूनमध्ये निघतात. पण खरा घाव मोठ्या माद्यांवर बसतो. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही, बुडून मरतं. मादी वयात यायला बरीच वर्षं लागतात. एक गेली तर हॅचरीतली शेकडो पिल्लंही तिची जागा लगेच भरू शकत नाहीत. त्यात वाळूउपसा घरट्यांची जागाच उचलून नेतो, आणि धरणातून अवेळी सोडलेलं पाणी पाण्यालगतची घरटी बुडवतं. अंड्यांचे दोन महिने तरी वाळूउपसा आणि मासेमारीची जाळी थांबायलाच हवीत.