ऐंशी रुपये, सात जणी आणि एक पद्मश्री

लिज्जत पापडाची कहाणी हल्ली बहुधा एकाच नावाने सांगितली जाते. २०२१ साली जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाल्यापासून तर जास्तच. मान रास्तच, शिवाय पद्म पुरस्कार संस्थेला देताच येत नाही. पण १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या गच्चीवर पापड लाटायला त्यांच्यासह सात जणी बसल्या होत्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने. स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार काढायचं चाललं होतं, तेव्हा दर्जा एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, असं पारेखांनीच बजावलं.

श्रेयाचा खरा निवाडा त्या हिशेबात आहे. पीठ शाखेत एकत्र मळलं जातं, म्हणून चव एकसारखी राहते. बहिणी, म्हणजे संस्थेच्या सभासद बायका, ते तोलून घरी नेतात आणि लाटून वाळवलेले पापड परत आणतात. लाटण्याचे पैसे वजनावर मिळतात, त्यामुळे चपळ हाताला जास्त. नफा-तोट्याचं मात्र वेगळं गणित: तो शाखेतल्या सगळ्या बहिणींचा, मग कुणी पीठ मळो, कुणी पाकिटं भरो. पुरुष पगारी नोकर असू शकतात, सभासद नाही.

नफाही लाटलेल्या किलोवर वाटला असता तर मळणीला आणि पाकिटं भरायला कुणी थांबलंच नसतं. बचत गट मोडू शकतात ते इथेच. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला: पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. ही युक्ती नेमकी कुणाची, हे विचारून काय मिळणार? विक्री टिकली, ती सगळ्यांच्या वहीत गेली.

एखाद्या बचत गटाने पापड, लोणची, मसाले काहीही करायचं ठरवलं तर पहिली ऑर्डर घेण्याआधी तीन गोष्टी लिहून काढाव्यात. किलोमागे मजुरी किती. बँकेत जाणारीच्या आणि बाजारहाट करणारीच्या तासांचे पैसे किती. आणि माल परत आला तर तोटा कसा वाटायचा. तिसऱ्या कलमावर सह्या घेताना सभा लांबते, लांबू द्यावी.