घाल आणि घालव

आमच्या घरी लाईट 'लावत' नाहीत, 'घालतात'. फॅन घालतात, टीव्ही घालतात, मोटरसुद्धा घालतात. कन्नडमध्ये 'लाईट हाकु' म्हणतात, हाकु म्हणजे घाल, आणि शेजारणीच्या तोंडातला शब्द आईच्या तोंडात कधी आला ते दोघींपैकी कुणालाच आठवायचं नाही. शिकायला पुण्यात होतो तेव्हा मी 'फॅन घाल रे' म्हणालो की खोलीतली पोरं विचारायची, 'कुणाला?' बंद करायचं असलं की आई म्हणते, 'लाईट घालव.' म्हणजे आमच्याकडे उजेड आणि अंधार यांच्यात अंतर एवढंच, एका 'व'चं.

सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, काळ्या बटणाला हा 'व' कधी अडला नाही. आमचं घर बेळगावच्या वडगावातलं, मागवाल्यांच्या गल्लीतलं. भिंती मातीच्या, दीड हात जाड. वायरिंग लाकडी पट्टीवरून, पत्र्याच्या क्लिपांत बसवलेलं. बोर्ड लाकडाचा आणि त्यावर बॅकेलाइटचं गोल बटण, खाली पाडलं की चालू. कणकेचा हात असला तर आई ते कोपरानं पाडायची, अंधारात आलं तर हात न चाचपता नेमका तिथंच जायचा. बटणाभोवती भिंतीला हातांचा एक काळपट चंद्र पडला होता. दर दिवाळीला रंग द्यायचो, संक्रांतीपर्यंत चंद्र परत उगवायचा.

ते बटण बदलायचं मुलाच्या मनात आलं. तो बेंगळुरूला असतो. मे महिन्यात येताना काचेचा एक स्विच आणि बोलणारा एक डबा घेऊन आला. स्विच वायफायवर चालतो, म्हणाला, आजीला रात्री उठायला नको. आजी रात्री उठते ती लाईटसाठी नाही हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. सगळे त्याला अण्णा म्हणतात, घरी कन्नड बोलतो, आमच्याशी मराठी आणि टेस्टरशी दोन्ही. मेन काढून त्यानं बोर्ड उचकटला. खाली पोपटी रंगाचा चौकोन निघाला. माझ्या लहानपणी सोपा पोपटी होता हे मी साफ विसरलो होतो. आणि बोर्डाच्या पोकळीत धाग्यांचा भुगा, पिंजारलेला, लाल, जांभळा, मधेच जरीचा एखादा चमकता केस. माग विकून कितीतरी वर्षं झाली, पण साड्यांचे रंग तिथं बसून होते. आई चष्मा पुसत जवळ आली, चिमटीत तो भुगा धरला आणि टाकायचा सोडून पदराच्या गाठीला बांधला. कशाला, ते मी विचारलं नाही.

'काका, ह्याला न्यूट्रल पाहिजे की,' अण्णा म्हणाला. 'तुमच्या बटणात न्यूट्रलच नाही.'

घर बांधल्यापासून लाईट लागतेय आणि न्यूट्रल नाही कसं, म्हणून मी वाद घातला. त्यानं वायर धरून दाखवली. बटणात फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, येते आणि तिथून हाफ वायर होल्डरकडे जाते. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी, वरच्या वर परस्पर होल्डरला गेलेली. साधं बटण म्हणजे टिळकवाडीतलं रेल्वे गेट समजा. वाट उघडायची, वाट अडवायची, त्याला स्वतःला काही लागत नाही. नव्या स्विचमध्ये मात्र एक गेटमन बसवलाय. गेट बंद असलं तरी तो जागा, कारण बेंगळुरूहून कधी हुकूम येईल सांगता येत नाही. जागा राहायचं तर त्याच्या पोटाला हवं, म्हणून फेजच्या जोडीला न्यूट्रल. बिनन्यूट्रलचेही स्विच मिळतात, पण ते दिव्यातूनच थोडा करंट पाझरवत आपलं पोट भरतात. जुन्या साठ वॅटच्या बल्बला ते कळलंही नसतं. 9 वॅटचा एलईडी मात्र बंद केला तरी मिणमिणत राहतो, झोपेत डोळा किलकिला ठेवणाऱ्या पोरासारखा.

शेवटी पलीकडच्या प्लगच्या बोर्डातून न्यूट्रलची काळी वायर ओढून आणली. पाऊण तास गेला आणि भिंतीचे दोन पोपडे.

'म्हणजे बंद असला तरी करंट खातंय हे?' आईनं बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती आली. सुरुवातीच्या नियमानं आदल्या वर्षाची सरासरी काढून, तिच्यावर दहा टक्के, दोनशे युनिटच्या आत असेल तेवढी वीज फुकट. तेव्हापासून आमच्या घरात आईइतका कडक मीटर दुसरा नाही. बिलावरचा मजकूर कन्नड, पण आकड्यांना भाषा नसते, ती आकडे वाचते. मी हिशेब मांडला, असला स्विच अर्धा-एक वॅट खातो, महिन्याला पाऊण युनिटाच्या आतच. 'बसून खाणाऱ्याला पाऊण युनिट पण जास्तच,' ती म्हणाली.

मग मोबाइलवरची जोडणी. राउटरमधून दोन वायफाय निघतात, एक 2.4 गिगाहर्ट्झचं आणि एक 5 चं. स्विचला फक्त पहिलं समजतं. मुलगा अर्धा तास दुसऱ्याला जोडत बसला होता. शिवाय राउटर माजघरात आणि मधे ती मातीची भिंत. 2.4 त्यातून कसंबसं पार होतं, 5 नं तर भिंतीलाच नमस्कार केला असता. ॲपनं गाव विचारलं. यादीत बेळगाव शोधलं तर नाही, बेळगावी होतं. नाव 2014 साली बदललं. त्यावर आमच्या घरी एरवी तासभर बोलणं झालं असतं, पण त्या दिवशी लाईट लागायची घाई होती. गाव कशाला हवं, तर सूर्य कधी मावळतो ते कळायला. आमच्याकडे नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो आणि जूनच्या शेवटी सात वाजून गेल्यावर, त्याप्रमाणे दिवा आपोआप लागणार.

नंतर ॲप म्हणालं, खोली निवडा. लिव्हिंग रूम, बेडरूम, गॅरेज, अशी यादी. सोपा नाही, माजघर नाही, मागाची खोली तर नाहीच. मी हट्टानं 'सोपा' असं टाइप केलं. डब्याला हिंदी आणि इंग्रजी येतं. त्यानं गोड आवाजात कळवलं, 'सोफा की लाइट चालू है.' आमच्या घरात सोफा नाही. घडवंची आहे, एक लोखंडी खुर्ची आहे. पण तेव्हापासून सोप्याचं नाव सोफा पडलं ते पडलंच.

आईनं डब्याचा आवाज बाईचा ऐकला आणि तिच्याशी रीतीनं वागायचं ठरवलं. 'लाईट घाल गे,' ती म्हणाली. डबा गप्प. 'अगे, लाईट घाल की.' डब्यानं कसलं तरी गाणं सुरू केलं. मुलानं शिकवलं, आजी, असं म्हण, लाइट ऑन करो. आईनं एकदा म्हणून बघितलं, दिवा लागला, आणि तिचा चेहरा पाहुण्याकडे चहा मागावा लागल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मुलगा मोबाइलमध्ये तासभर काहीतरी करत होता. 'लाईट घाल' म्हटलं की चालू आणि 'लाईट घालव' म्हटलं की बंद, अशी वाक्यं त्यानं भरली. डब्याला तो 'व' ऐकू येईना. कधी घाल म्हटल्यावर अंधार, कधी घालव म्हटल्यावर लख्ख. शेवटी आई उठायची आणि काचेवर बोट ठेवायची. ओल्या बोटाला काच दाद देत नाही, मग पदराला बोट पुसून परत. आत रिले 'टक' वाजतो. 'एवढं बोलून उठायचंच होतं तर ते काळं काय वाईट होतं,' हे ती डब्याकडे बघून म्हणाली, मुलाकडे नाही.

सुट्टी संपली, मुलगा गेला. त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस आला आणि रात्री दहाला करंट गेला. आम्ही झोपलो. पावणेतीनला करंट आला तो सोप्यातला दिवा पेटवूनच. मी उठून बघतो तर आई मागच्या खोलीच्या दारात उभी, केसांची गाठ मारत. त्या खोलीत आता स्कूटर असते आणि जुन्या पेट्या.

'काय करूलालास इथं?' तिनंच मला विचारलं.

'तू काय करतेस?'

ती जरा थांबली आणि हसली. 'कांड्या भरायला उठले बघ.'

मागाच्या दिवसांत करंटचा नेम नसायचा. गेला की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, इतकी की पोरं झोपेतून जागी व्हायची. मग वडील झोपताना सोप्यातलं ते काळं बटण मुद्दाम पाडून ठेवायचे. करंट रात्री कधीही येवो, तोंडावर उजेड पडला की उठायचं, ते माग घालायचे आणि आई कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, बसायची. पाच मिनिटांत गल्लीत एकापाठोपाठ एक खडखडाट सुरू व्हायचा.

सकाळी मी ॲपमध्ये शोधलं. करंट परत आल्यावर स्विचनं काय करावं, यासाठी तिथं तीन पर्याय असतात. चालू, बंद, किंवा आधी होता तसा. आमच्या स्विचचा 'चालू'वर होता. मी चष्मा लावून 'बंद'वर बोट नेत होतो, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

'काय घालवूलालास?'

मी सांगितलं.

'असू दे की,' ती म्हणाली, 'करंट आलेला कळायला नको?'