तिसऱ्या वाक्यासाठी अकरा आठवडे

माझी पीएच.डी.ची नोंदणी होऊन आता वर्ष होत आलं, तरी ‘ना हरकत प्रमाणपत्र’ (एनओसी), म्हणजे नोकरी करत पीएच.डी. करायला आपल्या संस्थेने द्यायचं परवानगीपत्र, हे शब्द कानावर पडले की माझं डोकं तापतं. नोकरी सांभाळून डॉक्टरेट करू पाहणाऱ्या प्राध्यापकांना माझ्यासारखं ताटकळावं लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी एमबीएच्या मुलांना मार्केटिंग शिकवते. बारा वर्षं झाली. नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होते, म्हणून सहायक प्राध्यापक झाले. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर डॉक्टरेट हवीच. मुलगी लहान आणि कॉलेजमध्ये आठवड्याला सोळा तास, त्यामुळे घरी बसून काही करता येईल का, हे शोधत होते. तेवढ्यात एका कंपनीचा फोन आला. परदेशी विद्यापीठाची डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. दोन वर्षं, सगळं ऑनलाइन, हप्त्यांची सोय, ‘ग्लोबली अ‍ॅक्रेडिटेड’. मी पहिला हप्ता भरायला बसलेच होते.

मला थांबवलं ते आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका सरांनी. ते म्हणाले, ‘‘मॅडम, ज्या पदासाठी डिग्री घेताय, त्या पदाच्या नियमात कोणता शब्द आहे तो आधी वाचा.’’ यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम काढले. सहयोगी प्राध्यापकाच्या पात्रतेत स्पष्ट लिहिलंय, पीएच.डी. डीबीए नाही. कंपनीला म्हटलं, ‘‘ही पदवी भारतात सहयोगी प्राध्यापकपदासाठी चालते, एवढं मला ईमेलवर लिहून द्या.’’ रोज तीनदा फोन करणारा तो मुलगा त्यानंतर गप्प झाला. यूजीसी आणि एआयसीटीई (तांत्रिक आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय परिषद) या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२२मध्येच इशारा दिला होता, की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांच्या जोडीने ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्यांना मान्यता नाही. तो मी तेव्हा वाचलाच नव्हता.

डीबीए वाईट, असं मी म्हणत नाही. कंपनीत वरच्या पदावर असलेल्या माणसासाठी तो चांगला अभ्यासक्रम आहे, आणि ‘अँबा’सारखी संस्था डीबीए अभ्यासक्रम खरोखर तपासून मान्यता देते. पण ‘एएसीएसबी’, ‘इक्विस’, ‘अँबा’ ही बिझनेस स्कूलच्या दर्जाची मोहर आहे. आपल्याकडच्या निवड समितीसमोर ती पीएच.डी.ची जागा भरून काढत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारे त्या मुद्दाम एकत्र करतात.

मग राज्य विद्यापीठाची अर्धवेळ पीएच.डी. करायचं ठरलं. पेट म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, मुलाखत, गाईड, सगळं सुरळीत झालं. अडकले ते माझ्याच कॉलेजच्या कार्यालयात.

यूजीसीच्या पीएच.डी.च्या २०२२च्या नियमांत अर्धवेळ संशोधकाच्या एनओसीत तीन गोष्टी मागितल्या आहेत. एक, उमेदवाराला अर्धवेळ पीएच.डी. करायला परवानगी आहे. दोन, त्याच्या कामाचं स्वरूप पाहता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येईल. तीन, गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. कार्यालयाने मला जुन्या नमुन्यातलं एका ओळीचं पत्र दिलं, ‘संस्थेची हरकत नाही’. विद्यापीठात कागद तपासताना ते परत आलं, त्रुटीचा शेरा मारून. माझ्याकडून हमीपत्र घेतलं आणि मुदत दिली.

नवीन मसुदा मी स्वतः टाइप करून दिला. दुसरं वाक्य आलं, तिसरं नाही. विचारलं तर कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, ‘‘मॅडम, ते वाक्य संस्थेचे सचिव साहेब घालू देणार नाहीत.’’ का, ते कुणी सांगेना. फाइल प्राचार्यांकडून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात गेली, तिथून ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली. चर्चा कुणी, कुणाशी करायची? साहेब बाहेरगावी, मग परीक्षा, मग दिवाळी. दर सोमवारी मी पहिला तास संपवून कार्यालयात जायचे आणि तेच उत्तर घेऊन वर्गात परत यायचे. सहा आठवडे झाले, आठ झाले. विद्यापीठाची मुदत एकदा वाढवून घेतली. गाईड सहायक प्राध्यापक, त्यांच्याकडे एका वेळी चारच विद्यार्थी चालतात, आणि शेवटची रिकामी जागा माझी. ती गेली असती तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. मला त्या दिवसांत रात्री झोप लागत नव्हती.

दहाव्या आठवड्यात मी सरळ सचिव साहेबांची वेळ मागितली. सोबत नियमाचं पान नेलं, तिसऱ्या वाक्याखाली रेघ मारून, आणि दोन सहकाऱ्यांचं लेखी पत्र नेलं, की कोर्सवर्कच्या दिवसांत माझ्या तासिका ते घेतील आणि मी त्यांच्या तासिका नंतर घेईन. साहेबांनी पान वाचलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे तुम्हाला पगारी रजा द्यावी लागणार नाही?’’ एवढीच अडचण होती! त्या वाक्यात पगारी रजेचा शब्दही नाही, आणि अडीच महिने कुणी त्यांना ते पान दाखवलं नव्हतं. सही पाच मिनिटांत झाली. पत्र हातात येईपर्यंत अकरावा आठवडा उजाडला, कारण शिक्का असलेले भाऊसाहेब रजेवर होते. विद्यापीठात ते जमा केलं तेव्हा मला रडू आलं.

म्हणून सांगते, एनओसी पेटच्या निकालानंतर मागू नका, पेटचा फॉर्म भरतानाच मागा. तीन वाक्यांचा मसुदा स्वतः करून न्या आणि तुमच्या तासिका कोण घेणार ते त्याला जोडा. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात, ते विषयापेक्षा आधी वाचा. गाईडकडे जागा आहे का, हे त्यांनाच थेट विचारा, यादीवर जाऊ नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. दोन प्रबंध चाळले, की माणूस किती बारकाईने काम करून घेतो ते कळतं. मी असंच माझ्या मॅडमना निवडलं आणि तो निर्णय बरोबर ठरला.

कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के लागतात. मला ७१ मिळाले, आणि याचा मला फार आनंद आहे. सध्या संशोधनासाठी किराणा दुकानदारांच्या मुलाखती चालू आहेत.

आणखी एक. एनओसीवर जावक क्रमांक आणि तारीख पडली आहे ना, हे कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी पाहा. माझ्या पहिल्या पत्रावर तीही नव्हती.