मोडलेल्या पुलांचा दिवस

१५ सप्टेंबर जवळ आला की माझ्या नाकात फेविकॉलचा वास भरतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भरतो. अभियंता दिनाला आमच्या कॉलेजच्या स्थापत्य विभागात पूल-स्पर्धा होते. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायचा आणि सगळ्यांच्या देखत तो मोडेपर्यंत त्यावर वजन टाकत जायचं. बावीस वर्षं मी या स्पर्धेच्या मागे उभा होतो.

सुरुवात इतर कार्यक्रमांसारखीच. दीपप्रज्वलन, ज्यांच्या जयंतीला हा दिन असतो त्या विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. एक गोष्ट मात्र मी दर वर्षी आवर्जून सांगायला लावायचो. १८६१ साली म्हैसूर संस्थानात जन्मलेला हा माणूस पुण्याला शिकला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून पहिल्यांदा रुजू झाला, तो आपल्या नाशकात. हे ऐकताना मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा सावरून बसायची.

खरा दिवस त्यानंतर सुरू व्हायचा. दोन टेबलांमध्ये साठ सेंटिमीटरचं अंतर, त्यावर पूल, मधोमध हुक, हुकाला बादली आणि बादलीत मापाने वाळू. पुलाचं वजन चारशे ग्रॅमच्या आत हवं. किती भार पेलला याला एकट्याला किंमत नव्हती, स्वतःच्या वजनाच्या कितीपट पेलला ते बघायचं. साडेतीनशे ग्रॅमच्या पुलाने सत्तर किलो उचलले तर दोनशे पट, आणि तीनशे ग्रॅमच्याने सहासष्ट उचलले तर दोनशे वीस पट. म्हणजे कमी उचलणारा पहिला. या एका नियमाने मुलांची झोप उडायची. काड्या वाढवून ताकद आणण्याची वाटच बंद व्हायची, मग कुठली काडी दबते, कुठली ताणली जाते आणि कुठली नुसतीच बसून आहे, हे कागदावर काढावंच लागायचं.

ट्रस, म्हणजे काड्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा, मी फळ्यावर दर वर्षी शिकवला. ऑयलरचं सूत्रही शिकवलं: दाबाखालची सडपातळ काडी चिरडत नाही, वाकून जाते, आणि तिची मोकळी लांबी निम्मी केली तर ती चौपट भार घेते. परीक्षेत मुलं ते बिनचूक लिहायची आणि पूल बांधताना साफ विसरायची. वरच्या कडेची काडी डोळ्यांदेखत धनुष्यासारखी वाकली, की मग ते सूत्र जन्मभराचं. स्पर्धा हा शिकवण्यानंतरचा विरंगुळा आहे असं आमच्यातल्या काहींना वाटायचं. मला ते कधीच पटलं नाही. तो माझा तासच होता, फक्त चार तासांचा.

गट चिठ्ठ्या टाकून पाडायचो. पहिल्या बाकावरची चौघं एकत्र आली की बाकीचे प्रेक्षक होतात, हे पहिल्या दोन वर्षांत बघितलं होतं. आणि टर्मवर्कचे दहा गुण क्रमांकाला नव्हते, भाषणाला होते.

त्या भाषणासाठी मी वर्षभर थांबायचो. पूल मोडला की त्या गटाने लगेच, हातात तुकडे घेऊन, तीन मिनिटं बोलायचं. कुठून मोडला, आधी काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं. तयारीला वेळ नाही. जिंकलेल्यांची भाषणं मला आठवत नाहीत. मोडलेल्यांची अजून आठवतात.

२००८ चं तर विसरताच येत नाही. त्या वर्षी विसर्जन आणि अभियंता दिन लागून आले म्हणून तारीख शनिवारवर ढकलली, आणि आदल्या दिवशी गोदावरीला पूर आला. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात, तो दिसेनासा झाला. स्पर्धा आणखी आठवडाभर पुढे गेली. पंचवटीतल्या एका मुलीच्या घरात पाणी शिरलं होतं, तिच्या गटाचा पूल भिजून गेला होता. त्यांनी चार रात्रींत नवा बांधला. हवा इतकी दमट की गोंद सुकेना, म्हणून सांधे केसांच्या ड्रायरने वाळवले. चाळीस किलोंपर्यंत पूल हललाही नाही. मग एकदम खाली न जाता तो कुशीवर वळावा तसा बाजूला कलंडला आणि बादली जमिनीवर आदळली. मुलगी तुकडे उचलून उभी राहिली. दोन्ही बाजूंचे ट्रस शाबूत होते, सांधेही धरून होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, आम्ही सगळा उभा विचार केला. आडवा केलाच नाही." वरच्या कडांना जोडणाऱ्या आडव्या-तिरप्या काड्या त्यांनी वजन वाचवायला काढल्या होत्या. तेवढं एक वाक्य बोलून ती खाली बसली. मी दहापैकी दहा दिले. एका सहकाऱ्याने विचारलं, तीन मिनिटं कुठे झाली? त्यांना मी काय उत्तर द्यायचं?

पुढे आमची मुलं बाहेरही चमकली. मेकॅनिकलवाली बाहा या विद्यार्थ्यांच्या वाहन-स्पर्धेसाठी स्वतः बनवलेली गाडी घेऊन पीथमपूरला चार तासांच्या शर्यतीत उतरली, २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सलग चालणाऱ्या तंत्रज्ञान-स्पर्धेचे छत्तीस-छत्तीस तास जागली. अभिमान वाटतोच. पण तिथे हरलेला गट सामान बांधून मुकाट घरी येतो, काय चुकलं ते त्याच्याकडून कोणी वदवून घेत नाही, याची रुखरुखही वाटते.

उपस्थितीबद्दल एक सल आहे, ती सांगतोच. शाल-श्रीफळाला पहिल्या दोन रांगा भरलेल्या असायच्या. फोटो झाला की त्या रिकाम्या. पूल मोडायला लागायचे तेव्हा समोर मुलं आणि आम्ही तिघे-चौघे. गणपतीच्या दिवसांत मुलं ढोल पथकात जायची, ते मी समजू शकतो, नाशिकचा ढोल आहे तो. पण ज्यांना विषय कळतो त्यांनी उठून जावं, हे आजही लागतं. पुण्याला स्थायिक झालेली माजी मुलंही दर वर्षी "नक्की येतो सर" म्हणतात.

जे आले त्यांना विसरून चालणार नाही. प्रयोगशाळेतले आमचे मामा, जे वाळू आदल्या दिवशी चाळून, उन्हात घालून, पाऊस आला की पोत्यासकट आत ओढायचे. बक्षिसाचा पितळी ओळंबा दर वर्षी घासून चकचकीत करणारे सुतारशाळेतले गृहस्थ, ज्यांनी हुकही घडवला. किलोकिलोच्या पिशव्या भरून देणाऱ्या कार्यालयातल्या दोघी. कॅन्टीनच्या मावशी, ज्यांनी वीज गेली त्या वर्षी संध्याकाळी सातपर्यंत चहा बंद केला नाही. प्रमाणपत्रं उधारीवर छापून देणारा रविवार कारंजाजवळचा छापखाना. गेटवरचे रखवालदार, जे रात्री उशिरापर्यंत मुलांना गोंद वाळवत बसू द्यायचे आणि रजिस्टरमध्ये एकेकाची वेळ लिहायचे. ग्रंथपाल बाई, ज्यांनी मोडके पूल ठेवायला जुनं काचेचं कपाट दिलं.

गेल्या वर्षी ते कपाट बघायला गेलो होतो. २००८ चा पूल तिसऱ्या फळीवर आहे, कुशीवरच ठेवलेला. चिठ्ठीवरची शाई उडाली होती, ती मी पुन्हा लिहिली. आणि हो, स्टॉपवॉच. ते पहिल्या वर्षापासून क्रीडाशिक्षकांचं होतं, त्यांनी कधीच परत मागितलं नाही.